बत्तीस दातांची खिंड

आमच्या मोहिमेचं उद्दिष्ट सात महिन्यांचं होतं, वजनाला सात किलो, आणि बाटली तोंडाला लावू देत नव्हतं.

डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात माझा नवरा निरीक्षक आहे. आम्ही तिघं तिथंच राहतो. परीक्षेसाठी म्हणून मी दोन दिवस खाली सासऱ्यांकडे उतरले होते. लेकीपासून पहिल्यांदाच लांब. निघताना नवऱ्याच्या हातात दीड पान सूचना ठेवल्या होत्या. वादळाचा त्यात उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर रात्रीच्या वादळात वरचा रस्ता पडलेल्या झाडांनी गिळला होता. वायरलेसवर नवऱ्याचा आवाज तुटत तुटत आला. दोघं ठीक आहेत, छप्पर शाबूत आहे, पण वाटी-चमच्यानं पाजायच्या पावडरच्या दुधाचा डबा संध्याकाळपर्यंतच पुरेल. रस्ता मोकळा करणारी माणसं चार दिवसांनी येणार होती.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खुंटीवरचा चेनसॉ, दातेरी साखळीची यंत्रकरवत, उतरवला. चाळीस वर्षं त्यांनी जंगलात लाकूड कापलंय. सामान भरायचं काम मी अंगावर घेतलं. दुधाचा डबा, लंगोट, तापाचं औषध, वायरलेस, टॉवेल, माझा दात घासायचा ब्रशसुद्धा. जागा पुरेना, तेव्हा बाबांच्या पिशवीतलं तेलकट फडक्यातलं एक पुडकं काढून मी ओट्यावर ठेवलं. नसती अडगळ, असं मला वाटलं.

नऊ किलोमीटर चढ. पहिली तीन झाडं आम्ही ओलांडली, चौथं बाबांनी कापलं. पुढे दरड खाली आली होती; तिच्यावरून आम्ही बसून, घसरत, एकमेकांचा हात धरून गेलो. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. मधोमध माझा पाय सुटला! बाबांनी मला पिशवीच्या पट्ट्यानं खेचलं, आणि त्या झटापटीत त्यांच्या खिशातला चष्मा पाण्यात गेला. मी रडवेली झाले.

"जाऊ दे. लांबचं दिसतंय मला," ते म्हणाले. "आणि जवळचं बघायला तू आहेसच. तुझ्या नजरेतून काय सुटतं?"

हा टोमणा होता. घरात मला सगळे दुर्बीण म्हणतात.

दुपार कलताना आम्ही खिंडीत पोचलो. दोन उभ्या कातळांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि तिच्यात एक अजस्र झाड आडवं अडकलेलं. फांद्यांचं जाळं दोन पुरुष उंच. मी वरून चढून पाहिलं. ओल्या शेवाळावरून घसरून खाली आले. झाडातच दार कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इथून केंद्र अर्ध्या तासावर होतं.

बाबांनी यंत्र सुरू केलं. फांद्या भराभर पडू लागल्या. आणि मग पात्याचं टोक पानांआड लपलेल्या खडकावर आदळलं. ठिणग्या उडाल्या! त्यानंतर करवत नुसती ओरडत राहिली. लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, धूर निघाला.

"धार गेली," बाबांनी यंत्र बंद केलं. "दुसरी चेन दे. तेलकट फडक्यात आहे."

ओट्यावरचं पुडकं डोळ्यांसमोर आलं. मी सांगितलं, खोटं बोलायला जागाच नव्हती. बाबांनी खिशातून गोल कानस काढली, चेन नाकाशी नेली, हातभर लांब धरली, आणि कानस माझ्यापुढे केली.

"मला नुसतं धुकं दिसतंय. तुला लावावी लागेल."

मी आजवर पेन्सिलीलाही धड टोक काढलेलं नाही, असं मी म्हटलं.

"ठिणगीची नखं घासतेस ना? मी पाहिलंय. ती झोपली की एकेक बोट धरून, श्वास रोखून. तशीच लाव."

ठिणगी म्हणजे माझी लेक. कात्रीची भीती वाटते म्हणून मी तिची नखं छोट्या कानशीनं घासते. नवरा हसतो. बाबा बघत असतील, हे मला ठाऊकच नव्हतं.

आधी सफाई. चेनवर चीक, तेल आणि भुसा यांचा काळा लगदा साचला होता. त्यावर धार धरत नाही, कानस नुसती घसरते. बाबांनी डब्यातलं थोडंसं पेट्रोल ओतलं आणि घासायला काही आहे का विचारलं. मी माझा ब्रश काढला.

"बरोबर आणलास," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "दातच घासायचेत."

लंगोटानं चेन कोरडी केली. बाबांनी पातं ओंडक्याच्या फटीत घट्ट रोवलं. दात बत्तीस निघाले, माणसाच्या तोंडात असतात तेवढेच. सोळांचं तोंड डावीकडे, सोळांचं उजवीकडे, एकाआड एक.

"सगळ्यात झिजलेला दात शोध. बाकीच्यांना त्याच्या मापावर आणायचं. कानस तिरपी धर, आतून बाहेर ढकल. परत येताना उचलून आण, ओढू नकोस. प्रत्येकाला घाव सारखे."

झिजलेला दात सापडला. त्याच्या शेजारच्यावर मी बाबांच्या खिशातल्या खडूनं खूण केली आणि तिथून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पुढचा. एक, दोन, तीन, चार. लाकडाच्या वासात आता लोखंडाचा वास मिसळला. दाताच्या कडेवर चंदेरी रेघ उमटली की बोटांनाच कळायचं, झालं. उजवे सोळा संपेपर्यंत माझा श्वास संथ झाला होता.

आणि वायरलेस खरखरला. "...रात्रभर रडली... अंग गरम... दा..." पुढे नुसती खरखर.

माझी छाती दुधानं दगड झाली होती. त्या आवाजासरशी ती झरू लागली. डाव्या बाजूचे दात मी कसे घासले ते मला आठवत नाही. कुणाला दोन घाव, कुणाला तीन. "झाली," म्हणून मी यंत्र बाबांकडे दिलं.

खोडात पातं उतरलं. ढलप्या उडाल्या! आनंदानं माझे डोळे भरून आले. पण काप सरळ जाईना. तो उजवीकडे वाकला, आणखी वाकला, आणि पातं खोडात आवळलं गेलं. यंत्र बंद पडलं.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"डाव्यांना कमी घाव दिले. घाई केली मी."

"तेच म्हटलं. एका बाजूचे लाड झाले की ही तिकडेच वळते." त्यांनी फांदी तासून पाचर केली, फटीत ठोकली, पातं सोडवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "हे बघ पोरी, तुझ्या नवऱ्याला लहानपणी ताप यायचा, तेव्हा मी इथंच कुठेतरी झाडं कापत असायचो. घाईत दोनदा पाय कापून घेतला. त्यानं त्याचा ताप उतरला नाही."

मी पुन्हा ओंडक्यापाशी बसले. सूर्य कातळाच्या टोकाला टेकला होता. या वेळी मी डोळ्यांपुढे ठिणगीचं बोट आणलं. नख तांदळाच्या दाण्याएवढं. घाई केली तर रक्त येईल. एक, दोन, तीन, चार. उचल. एक, दोन, तीन, चार. उचल. सोळा वेळा. मग बाबांनी सांगितलं तसं, दात लाकडात खोल शिरावा म्हणून, प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा त्यांच्याकडच्या दुसऱ्या, चपट्या कानशीनं जरासा उतरवला. कानस माझ्या बोटाला दोनदा चाटून गेली; मी मोजणं थांबवलं नाही.

बाबांनी नव्या जागी काप घेतला. करवत लोण्यात जावी तशी गेली. सरळ! जाडजूड ढलप्या माझ्या पायांवर बरसल्या. दुसरा काप. ओंडका हलला. बाबांनी यंत्र खाली ठेवलं, आम्ही दोघांनी खांदा लावला, आणि तो धप्पकन पलीकडे पडला. झाडात एक दार उघडलं होतं. वाकून जाता येईल एवढं.

उरलेली वाट मी पळत गेले की चालत, मला सांगता येणार नाही.

दिवेलागणीला नवरा दारात उभा होता, अंगभर दुधाचे डाग, खांद्यावर ठिणगी. तिनं माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. मग नाक फेंदारलं, ओठ काढला, आणि दोन्ही हात पुढे टाकले. अंग कोमट होतं. तापाचं काय, असं मी विचारलं.

"सांगितलं ना वायरलेसवर? दात येतोय म्हणून!"

हात दोनदा धुऊन मी पदराआड तिला घेतलं. ती पोटभर प्यायली, मग माझं बोट धरून तोंडात घातलं. खालच्या हिरडीवर काहीतरी खरखरीत लागलं. बारीक, करकरीत. आज दिवसभर बोटांना तेवढंच तर शिकवलं होतं. तेहतिसावा.

तेवढ्यात तिनं कडकडून चावा घेतला, नेमका कानस लागली होती तिथे.

बाबा उंबऱ्यावर बसून बूट सोडत होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती, पण माझं "आई गं" ऐकू आलं होतं.

"धार कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कानस नको लावायला," मी म्हटलं.