अंधाऱ्या पडद्यावरची बाज

भादव्यातली दुपार होती. पावसाची झड लागलेली, त्यामुळे रिसोडच्या गल्लीतलं माझं दुरुस्तीचं दुकान दिवसाच अंधारलं होतं. रिठद गावची सायली ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आली. त्याची फुटलेली स्क्रीन मीच नुकतीच बदलून दिली होती.

"सार्थकभाऊ, चालू होते, पन काहीच दिसत नाही. नर्सिंगची परीक्षा जवळ आली माही."

मी लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला जोडला. त्यावर डेस्कटॉपवरचा फोटो लख्ख आला. ओसरीतल्या बाजेवर बसलेली तिची आई, पंचफुलाबाई. म्हणजे आतलं सगळं ठीक होतं, दोष नव्या स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. स्क्रीनमागचा उजेड गेला तरी चित्र तिथं असतं. हातातल्या बॅटरीचा उजेड तिरपा मारला की पुसट दिसतं. सायली टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी बॅटरी मारली.

ओसरी दिसली. खुंटीवरचं लुगडं दिसलं. बाज दिसली... रिकामी.

मॉनिटरवर पंचफुलाबाई बसलेलीच होती.

"भाऊ... माय कुठं गेली?"

दोन्हीकडे एकच फोटो जात होता. केबल ढिली असली तर रेघा येतात, रंग विटतात. माणूस नाहीसा होत नाही. दुकानात कुठूनसा ओल्या मातीचा वास भरला होता. सायलीने घाईघाईने घरी फोन लावला.

"बोल वं."

"माय, कुठं हायेस?"

"कुठं राहीन? बाजेवर पडून हाये."

सायलीची नजर त्या काळ्या पडद्यावर होती. "उठ. आंगनात ये."

"पानी पडून राह्यलं नं बाई. कायले?"

"तुले माही शपथ... उठ!"

बाज करकरली. मग पावसाचा आवाज. मग काहीतरी मोठं धप्पकन बसलं, आणि पुढे काहीच ऐकू येईना. सायलीने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"सायली..." आईचा आवाज आला. "भीत पडली वं. समदी बाजेवर."

सायली तशीच बसस्टँडकडे पळाली. मी लॅपटॉपची स्क्रीन खोलली. केबलचं टोक अर्धवट निसटलं होतं. दाबलं, तशी स्क्रीन उजळली. पंचफुलाबाई बाजेवर जागच्या जागी. भिंत पावसानं भिजली होती, पोरीचा जीव आईत होता, आणि बॅटरीच्या उजेडात डोळे फसतात... अशी मी स्वतःची समजूत घातली.

काही दिवसांनी पाऊस ओसरल्यावर दोघी लॅपटॉप न्यायला आल्या. पंचफुलाबाईंना मी प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दारातच थबकल्या.

"हेच ते दुकान," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी मी बाजेवर असताना डोयावर उजेड आला म्हनून पाह्यलं, तं समोर तुमी. ही पोरगी, आन बॅटरी धरून तू."

सायलीने माझ्याकडे पाहिलं.

"मले वाटलं, सपन हाये. पन बाप्पा... तुमच्या दोघाइच्या मांगून वाकून पाह्यत होता, तो कोन?"

माझ्या स्टुलामागे भिंत आहे. मधे हात शिरेल एवढीही जागा नाही. तरी मी मागे वळून पाहिलं नाही.