भिकुबाईच्या ओट्यावरचं वाण

"ही ऐकीव नाही बरं," झुलालनाना विडी विझवत म्हणाले. "आपल्या धनसिंगच्या घरात घडलेली. अठ्ठ्याऐंशी साल, पोळ्याची अमावस्या."

"नाना, लाईट गयी नि तुम्ही हाईच काढी?" ऐकणाऱ्यांतलं एक पोरगं कुरकुरलं.

"मंग काय दुपारले सांगू?"

धनसिंगची बायको सुगंधा, मॅट्रिक झालेली. एकुलता अभिमन सव्वा वर्षाचा. पोळ्याच्या संध्याकाळी तो तापला. शिंदखेड्याला डॉक्टरकडे न्यायला दोघं फाट्यावर आले, तर शेवटची एस.टी. गेलेली. "आठेच बठ, मी ट्रॅक्टर लई येस," म्हणत तिला तिथंच बसवून धनसिंग ट्रॅक्टर आणायला गावाकडे पळाला.

फाट्यावर बसायला एकच जागा, भिकुबाईच्या स्मारकाचा ओटा. भिकुबाई गावचीच नर्स. महायुद्धात ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर जखमींची सेवा करताना गेली. मागे ना मूल, ना माणूस. सव्वीस जानेवारीला एक हार, मग वर्षभर कुणी फिरकत नाही. बायका तर लेकरं पदराखाली घेऊन लांबून जात. बिनालेकराची बाई, ओढून घेते म्हणे.

सुगंधाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती स्मारकाकडे पाठ करूनच बसली.

पिशवीत पिठोरीचं वाण होतं, घाईत तसंच उचललेलं. वाटीत खीर, वर पुरी. लेकराच्या आयुष्यासाठी आई ते खांद्यावरून मागे धरते, 'अतीत कोण?' म्हणजे पाहुणा कोण, असं विचारते, मागून लेकरू 'मी' म्हणतं आणि घेतं. बोलता न येणाऱ्या पोरासाठी बाप बोलतो. बाप तर ट्रॅक्टर शोधत होता. मॅट्रिक झालेली बाई अंधाराला वाण देणार, या विचाराचं तिचं तिलाच हसू आलं. पण अभिमन नुसता भाजत होता. आज हे राहिलं, आणि उद्या काही झालं तर...?

तिनं वाटी मागे धरली.

"अतीत कोन शे?"

रातकिडे थांबले.

"अतीत... कोन शे?"

"मी..."

बाईचा आवाज. हलका. कुणी कधी विचारलंच नव्हतं, असा.

हातातली वाटी गेली.

नानांनी नवी विडी पेटवली.

"मंग?"

सुगंधाला पोराला छातीशी धरायचं होतं. हात उचलवेना. कुणीतरी वाकलं... टिंक्चरचा वास... मग काहीच नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा ती तशीच बसलेली. शिंदखेड्याला डॉक्टरांनी पोराचं अंगडं सोडलं. काखेत थर्मामीटर. जुन्या घडणीचं, जाड काचेचं.

"हे कुणी लावलं?"

सुगंधाला तो टिंक्चरचा वास आठवला.

अभिमनचं अंग निवलेलं. तो धनसिंगच्या मिशा ओढत होता. डॉक्टरांनी काच दिव्यापुढे धरली. झटकल्याशिवाय पारा खाली येत नसतो.

तो एकशे चारवर उभा होता.