गेरू सोडला झऱ्यात

"ओत, चंदे! सगळा गेरू ओत!" अर्पिता ओरडली.

मेंढ्यांवर खुणा करायचा गेरू चंदानं झऱ्याच्या कपारीत ओतला. आत पाणी खळखळत होतं, पण खालची दगडी डोण मात्र कोरडी ठणठणीत! त्या डोणीमुळेच तर डोंगरावर डोणवाडी वसली. चंदाच्या खापरपणजोबांनी ती मेंढ्यांसाठी कोरली, मानवतच्या बाजाराला जाणारे बैल तिथं पाण्याला थांबू लागले, हळूहळू घरं उठली. आजही गावची शेतं मेंढ्यांच्या खतावरच पिकत होती.

आणि आज संध्याकाळी गाव त्याच मेंढ्यांना हाकलणार होतं! "मेंढरांनीच झरा आटवला," असं भर पारावर म्हणाली होती अर्पिताच. काल कपारीतला खळखळाट ऐकला, तेव्हा तिला कळलं, झरा आटलेलाच नाही; पाणी मधूनच कुठंतरी जातंय.

"पानी कोन पळवायलंय, ते आता कळंल," चंदा म्हणाली.

"ताई, लाल पानी!" उतारावरून चंदाचा धाकटा भाऊ योगीराज ओरडला. "पळा!"

दोघी धावत सुटल्या. मग अर्पिताची पावलं जड झाली. ही वाट तिच्या ओळखीची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिच्याच वडिलांच्या, आबांच्या नव्या शेततळ्यात काळ्या पाईपातून लाल पाणी धो धो पडत होतं.

"मी कोनाला सांगनार न्हाई," चंदा हळूच म्हणाली. "तुझे आबा हायेत."

अर्पिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पारावर आबा, म्हणजे दत्तराव, तावातावानं बोलत होते. "मेंढरं हलवाच!"

अर्पितानं त्यांच्यापुढं लाल पाण्याचा तांब्या ठेवला. "आबा, आमी झऱ्यात गेरू टाकला होता. हे पानी आपल्या तळ्यातलं हाय."

दत्तरावांची मान खाली गेली. "सीताफळाची रोपं वाळायली होती... चुकलं माझं, सटवाजी. आत्ताच पाईप काढतो."

"शाबास, पोरी!" चंदाचे वडील सटवाजी म्हणाले. "लय हिंमतीचं लेकरू हाय, दत्तराव!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्पिताला त्या टाळ्या नको नको झाल्या. ती चंदाजवळ गेली. "चंदे, न बघताच तुमच्यावर आळ घेतला मी. माफ कर."

चंदा डोणीकडं वळली. "चल. पानी सुटलं की डोन लाल हुईल, घासावी लागंल."

अर्पिता डोण घासायला बसली, ती पहिल्या मेंढीनं पाण्याला तोंड लावेपर्यंत उठली नाही.