इंजिनशेडीतलं गाऱ्हाणं

ही घडलेली गोष्ट आहे. सुगंधा माझी मावसबहीण, आणि तिला साधी थाप मारता येत नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं.

गेल्या शिमग्याच्या आधीची भर दुपार. जागा रेडी गावाजवळची, खाणीच्या छोट्या रेल्वेची जुनी इंजिनशेड.

खाण कधीच बंद पडली. रूळ उपटले गेले, उरली ती कौलारू शेड. तीच भाड्याने घेऊन सुगंधा काजूचा कारखाना काढत होती. तिचे बाबा याच शेडीत वाघिणी, म्हणजे खनिजाचे डबे, जोडायचे आणि इथेच वाघिणींखाली गेले. ती तेव्हा पाळण्यात होती. गावात आजही म्हणतात, दारू पिऊन रुळांवर झोपला होता.

तिला वाढवलं गुरुदासकाकांनी, बाबांच्या धाकट्या भावाने. त्यांच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिल्या. कन्यादानही त्यांनीच केलं.

बाबा गेले तेव्हा काका शेडीच्या दारात घंटेवर होते. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. आत कोणी नाही हे बघून दोन टोले द्यायचे, मग वरचा माणूस भरलेल्या वाघिणी उतारावरून सोडायचा.

"त्या दिवशी माझो हात घंटेक लागलो नाय," काका सांगायचे. "गाडये आपसून सुटले."

म्हणून कारखान्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला तिने काकांनाच पुढे केलं. हातात नारळ धरून ते उभे राहिले. मागे ती, नवरा सुशांत आणि कामाला येणारी नम्रता.

"बा देवा म्हाराजा, सुगंधा हय कारखानो घालता, तिका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघं म्हणाली.

आणि मागून... चौथा आवाज. पुरुषाचा.

सुशांतने वळून पाहिलं. शेड रिकामी होती.

काका पुढे म्हणत गेले. "हय कोणाकडसून काय चूक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा."

तिघांनी कसंबसं "व्हय" म्हटलं.

चौथा आवाज आला नाही.



मग दारातून... ठण्ण.

ठण्ण.

दारात घंटा टांगायचा नुसता आकडा होता. रुळाचा तुकडा सुशांतने साफसफाईतच भंगारात दिला होता.

काकांच्या हातून नारळ निसटला. ते उताराकडे तोंड करून ओरडले, "सोडू नको रे... दादा भितूर आसा."

वर कोणीच नव्हतं.

सुगंधाला कळायला वेळ लागला नाही. बाबा आत आहेत हे काकांना तेव्हाच माहीत होतं. टोले त्यांनीच दिले होते. इतकी वर्षं तिला बापाची लाज वाटत आली, आणि ती लाज तिच्या गळ्यात बांधणारा माणूस रोज तिच्याच पंगतीला जेवत होता. असा केसाने गळा कुणी कापला नव्हता तिचा.

घरी तिने विचारलं, "काका, बाबा भितूर आसत ता तुमका ठावक होता. मगे टोले कित्याक दिलात?"

काका खाली बघून पेज जेवत राहिले.

कारखाना सुरू झालाच नाही. काका अजून तिच्याच घरी आहेत. म्हाताऱ्या माणसाला टाकणार कुठे? सांजवात झाली की ते देवासमोर हात जोडतात. "चूक पोटात घाल रे म्हाराजा."

सुगंधा तोंड उघडते. "व्हय" काही बाहेर पडत नाही.

आणि तिच्या पाठीमागे आणखी कोणीतरी... तसंच गप्प उभं असतं.