सहावा मजला, रिकामा

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या, रुईफानच्या बाबतीत. तिनेच मला सांगितलं.

बारा ऑक्टोबरची संध्याकाळ. इनर मंगोलियातलं आमचं नवं शहर, इमारत नऊ.

बाहेरचे लोक येतात, अंधाऱ्या खिडक्यांचे फोटो काढतात आणि 'भुतांचं शहर' म्हणून मोकळे होतात. आम्हाला राग येतो. माणसं राहतात इथे! कुणी नातवाच्या शाळेसाठी घर घेतलेलं, कुणी मुलाच्या लग्नासाठी. येतात हळूहळू.

रुईफान सोसायटीच्या ऑफिसात कामाला होती. थंडीत घरं गरम ठेवणारे पाइप सुरू होण्याआधी तिने प्रत्येक दार वाजवायचं, रिकाम्या घरांची यादी करायची. त्या घरांचे व्हॉल्व्ह मग बंद होत.

पण लिफ्ट बंद होती, मजले पुष्कळ. आणि घरी आठ महिन्यांची लेक भुकेने रडत असणार.

तिने खाली उभं राहून खिडक्या मोजल्या. दिवा दिसला तर माणूस. अंधार असला तर 'रिकामं'.

त्या फोटोवाल्यांसारखंच.

दुसऱ्या दिवशी प्लंबर ताओदादाने विचारलं, "सगळी दारं वाजवलीस ना गं?"

"हो दादा."

"नाही, ६०२ समोर कोबी रचलाय म्हणून म्हटलं."

"मोकळी जागा बघून कुणीतरी ठेवला असेल. थंडीचा साठा कुणाच्या घरात मावतो?"

"बरं बाई. शिकलेली तू, आम्ही पाना फिरवणारे," तो हसला.

६०२ चा व्हॉल्व्ह बंद झाला.

त्या वर्षी थंडी लवकर पडली.

पंचवीस तारीख. भर दुपार. रुईफान लेकीला भरवत होती. तिचं घर ५०२, ६०२ च्या बरोबर खाली.

वरून आवाज आला...

खच्. खच्. खच्.

कुणीतरी कोबी चिरत होतं.

"वर कोण राहायला आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही आई. रिकामं आहे ते."

"रिकामं घर स्वयंपाक करतं होय गं!"

रुईफानने चमचा सासूबाईंच्या हातात दिला.

ती ताओदादाला घेऊन वर गेली. कोबी गोठून काळा पडला होता. एकही गड्डा हललेला नव्हता.

ताओदादाने कुलूप तोडलं.

शेन आजी पलंगावर होत्या. तीन रजयांखाली. मुलाचं कुटुंब यायच्या आधी घर लावायला आलेल्या. वीज जळू नये म्हणून दिवा न लावताच, अंधार पडला की झोपायच्या. मुलाला फोनवर म्हणायच्या, "सगळं छान आहे."

डॉक्टर म्हणाले, जाऊन पाच दिवस झाले.

पाच दिवस... मग आज दुपारी?

मुलगा आला. सगळं उरकल्यावर त्याने दाराला नवं कुलूप लावलं आणि जिन्यातच विचारलं, "ताई, तुम्ही दार वाजवलं होतंत?"

ताओदादा तिच्याकडे बघत होता.

"वाजवलं होतं," रुईफान म्हणाली. "कुणी उघडलं नाही."

"असं कसं? आई तर दाराकडेच कान लावून असायची. कसं वाजवलंत? दाखवा बरं."

आत कुणी नव्हतं. किल्ली त्याच्या हातात होती.

तिने हात उचलला. एकदा टकटक केली.

...आतून कापडी चपलांची पावलं आली.

भराभर.

कुलूप फिरलं.

दार उघडलं.

आत कुणीही नव्हतं. नुसती गार हवा.

मुलगा दाराकडे नाही, रुईफानकडे बघत होता.

"बघितलंत? पहिल्याच टकटकीला."

तेव्हाही तिने खरं सांगितलं नाही. मला सांगितलं, चार वर्षांनी. तो आता बायकामुलांसह तिथेच राहतो. जा, सांगून टाक, मी म्हटलं.

"सांगायला दार वाजवावं लागेल गं," ती म्हणाली. "आणि ते उघडायला कोण येईल?"