निकालाचा रकाना

ही घटना खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी माझी तक्रार नाही. वृषालीचीही नाही. कोणाला काही पटवायची हौस तिला उरलेली नाही.

नोव्हेंबर १९९८. नगरमधला, मूल न होणाऱ्या जोडप्यांचा एक दवाखाना. शनिवार, दुपारचे तीन.

वृषाली तिथे कॉम्प्युटरवर बसायची. पेशंटचे केसपेपर भरायचे आणि महिनाअखेरीला फ्लॉपी पुण्याच्या मुख्य दवाखान्यात पाठवायची, हे तिचं काम. प्रत्येक नावापुढे निकाल हवाच. गर्भ राहिला, हो की नाही. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे हलायचाच नाही.

तपासणीला कोणी आलंच नाही, तर 'नाही' टाकून मोकळं व्हायचं. सगळेच तसं करायचे. 'नाही' पडलं की पेशंटच्या घरी तसं कळवणारं पोस्टकार्ड जायचं.

ऑक्टोबरअखेर अकोले तालुक्यातली चांगुणा तपासणीला आली नव्हती. वृषालीने 'नाही' टाकून वेळ मारून नेली.

त्या शनिवारी तिने चांगुणाचं पान उघडलं, तर...

रकाना रिकामा.

तिने पुन्हा 'नाही' टाकलं. पान बंद केलं. उघडलं.

रिकामा.

डॉक्टर जेवायला गेले होते. दवाखान्यात ती एकटीच. बाहेर रिक्षांचा आवाज चालू होता, तो एकदम थांबला... डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना.

मग पाठीमागून, अगदी हळू...

"ताई, तुमी मला तपासलं न्हाई. मंग लिवलं कसं?"

तिने वळून पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं.

सोमवारी चांगुणाचा नवरा सहादेव आला. हातात फाईल आणि पोस्टकार्ड. रडत नव्हता. जीप मिळाली नाही म्हणून तपासणी हुकली, म्हणाला. जड उचलू नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून चांगुणा घरीच बसून होती. कार्ड आलं आणि दुसऱ्याच दिवसापासून सासूने तिला भाताचे भारे वाहायला नेलं. मंगळवारी रक्त जायला लागलं. अकोल्याला पोचायच्या आत ती संपली.

"दीड महिन्याचं हुतं," तो म्हणाला. "तितल्या डाक्टरनी सांगितलं."

आपण त्या बाईला मारलं, एवढंच वृषालीच्या डोक्यात राहिलं. रडू मात्र आलं नाही. तो गेल्यावर तिने रकान्यात 'हो' टाकलं.

ते टिकलं.

'मयत' असाही एक रकाना होता. तो भरायला तिचा हात धजला नाही.

जुलैच्या सुरुवातीला पुण्याहून फोन आला. चांगुणाच्या बाळाचं वजन भरायचं राहिलंय, असं तिकडचा माणूस म्हणाला.

ती बाई तर केव्हाच गेली, वृषालीने सांगितलं.

पलीकडे कीबोर्डची टकटक...

मग त्याने तिनेच पाठवलेल्या फ्लॉप्यांवरून वाचून दाखवलं. डिसेंबर, तपासणी. जानेवारी, तपासणी. प्रत्येक महिन्याला, प्रत्येक वेळी शनिवारी. यातलं एक अक्षरही वृषालीने भरलेलं नव्हतं. शेवटची नोंद जूनमधल्या शेवटच्या शनिवारची होती. बाळंतपण झालं. मुलगी.

"आणि मॅडम, आईच्या नावात काहीतरी चूक आहे," तो म्हणाला. "तिथे तुमचं नाव पडलंय."

वृषालीने त्या दिवशी नोकरी सोडली. पुढे लग्न केलं नाही. ती मुलगी आता किती वर्षांची, हे मात्र ती न मोजता सांगते.

त्यापुढे मी तिला काही विचारत नाही.