गाइरेझीचा डोह

ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करूनच पाण्यात थांबतो, कारण त्याचं खाणं वरून वाहत येतं. गाइरेझी नदीवर गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना मी वीस वर्षं हेच सांगत आलोय. माझा थोरला भाऊ गारिकाईही याच कामात होता. एका पाहुण्याचा मासा जाळीत घेताना तो घसरला आणि डोहात गेला. प्रेत मिळालं नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, त्याला पाण्यातल्या बाईने नेलंय. घरच्या कुणी टिपूस गाळलं नाही तर ती माणूस परत करते. कुणी रडलं की संपलं. मी मनात हसलो. दादा खडकाखाली अडकलाय, एवढं मला कळत होतं. त्याच संध्याकाळी डोहात तोंड धुताना मी पोटभर रडून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

नेत्साई वहिनीचे डोळे मात्र कोरडे. मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा घोटता घोटता ती मलाच टोमणे मारायची, "तोंड का पाडलंयस? भाऊ सासुरवाडीला गेलाय समज." तिच्या या थट्टेची मला शरम वाटे. जेवण जाईना, एका जागी बसवेना. महिन्याभराने एका दुपारी मी गळ घेऊन डोहाच्या खालच्या टोकाला गेलो.

पाणी नितळ होतं. तळाशी सगळे ट्राउट प्रवाहाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून थांबले होते. एक गळाला लागला. ट्राउट हाताला बर्फासारखा लागतो. हा ताप आलेल्या माणसाच्या तळव्यासारखा गरम होता. मी तो सोडला आणि हात पँटला पुसत राहिलो.

तेवढ्यात वहिनी उतारावरून खाली आली. हातात दादाचा घडी केलेला स्वेटर. दादा परत यायचा म्हणून म्हाताऱ्यांनी आजचाच दिवस सांगितला होता म्हणे.

"घरातलं कुणी रडलं नाही ना रे?"

"नाही," मी म्हणालो.

नदीचा आवाज थांबला. पाणी वाहतच होतं.

दादा डोहातून छातीपर्यंत वर आला. केस कोरडे होते.

वहिनीने स्वेटर पुढे धरला. तो दोन पावलं आला.

मग थांबला. ओंजळीत पाणी घेऊन रस्सा चाखावा तसं चाखलं. माझ्याकडे बघितलं.

"खारट आहे रे," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला आणि खाली गेला.

पाणी पुन्हा खळखळू लागलं. वहिनीने वाकून एक घोट घेतला, गिळला आणि स्वेटरची घडी नीट केली.

ती अजून रडलेली नाही. रोज मला जेवायला वाढते. माझ्या भाजीत मीठ घालत नाही.